अ‍ॅक्च्युअली, बोईसर

‘अ‍ॅक्च्युअली’ने सुरू होणाऱ्या वाक्यात खरं काही नसतं, हे विरारच्या पुढे रोज ये-जा करणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. ‘अ‍ॅक्च्युअली मी निघालोच होतो’ म्हणणारा अजून आंघोळीला जायचा असतो. ‘अ‍ॅक्च्युअली चेक सहीला गेलाय’ याचा अर्थ चेकबुक अजून कपाटातून बाहेर निघालेलं नाही. आणि ‘अ‍ॅक्च्युअली मला काहीच प्रॉब्लेम नाही’ असं म्हणून जी बाई वैतरण्याला बोलायला सुरुवात करते, तिचा प्रॉब्लेम सफाळे, केळवे रोड करत थेट पालघरपर्यंत येतो.

कोशात बघाल तर अर्थ अगदी सोज्ज्वळ दिलेला असतो. खरोखर, वस्तुतः, प्रत्यक्षात. घराणंही कर्तबगार आहे. लॅटिनमध्ये ‘आक्तुस’ म्हणजे कृती, केलेलं काम. तिथून अ‍ॅक्ट, अ‍ॅक्शन, अ‍ॅक्टर ही भावंडं निघाली आणि त्यांच्यातच हा अ‍ॅक्च्युअल. बोलणं वेगळं, करणं वेगळं. जे करून दाखवलं ते ‘अ‍ॅक्च्युअली’. काही शतकांपूर्वी इंग्रज माणूस हा शब्द उच्चारायचा तेव्हा त्याला ‘नुसतं तोंडाने नव्हे, कृतीने’ असं सांगायचं असायचं. आपण तोच शब्द नेमकी कृती राहून गेलेली असते तेव्हा काढतो. भावंडांपैकी आता त्याचं एकट्या अ‍ॅक्टरशीच पटत असावं.

या जागेवर मराठीत माणसं नव्हती असं नाही. ‘खरं तर’, ‘खरं म्हणजे’, ‘वास्तविक’, ‘मुळात’, ‘तसं पाहिलं तर’ अशी चांगली अनुभवी मंडळी पूर्वीपासून कामावर आहेत. पण ‘खरं तर’ म्हटलं की पुढे खरं बोलावं लागतं, ही त्यातली अडचण. ‘वास्तविक’ म्हटलं की भाषण सुरू झालं असं वाटून लोक घड्याळाकडे बघतात. ‘मुळात’ म्हणणारा माणूस भांडायला आलाय हे गल्लीतल्या पोरांनाही कळतं. ‘अ‍ॅक्च्युअली’त यातली कुठलीच जोखीम नाही. शब्द इंग्रजी, म्हणजे जबाबदारी इंग्रजांची.

माझ्या मते त्याचं चोख मराठी ‘त्याचं काय झालं...’ हे आहे. ‘काल का आला नाहीस?’ ‘त्याचं काय झालं...’ इथे ‘अ‍ॅक्च्युअली’ बसवून बघा, एका मात्रेचा फरक पडत नाही. दोन्हींमुळे विचार करायला दीड सेकंद मिळतो, आणि अनुभवी माणसाला दीड सेकंदात सासऱ्यांची तब्येत बिघडवता येते. २००३ साली ‘लव्ह अ‍ॅक्च्युअली’ नावाचा एक इंग्रजी सिनेमा आला होता. आमच्याकडे लावायचा झाला असता तर पोस्टरवर ‘प्रेम, त्याचं काय झालं...’ असंच रंगवावं लागलं असतं, आणि तिकिटं जास्त खपली असती.

बोईसरसारख्या गावात, जिथे निम्मं गाव कुठून ना कुठून पोटासाठी आलेलं आहे, तिथे या एका शब्दाच्या उच्चारावरून माणसाचा पत्ता लागतो. इंग्रजी माध्यमातली मुलगी ‘अ‍ॅक्शली’ म्हणते, अर्धा शब्द गिळून. कारखान्यातला सुपरवायझर ‘अ‍ॅक्चुली’ म्हणतो, कारण शिफ्ट बदलायची वेळ झालेली असते. गोरखपूरहून आलेला ऑपरेटर ‘एक्चुअली’ म्हणून लगेच ‘क्या है ना’ जोडतो, म्हणजे त्याच्या वाक्यात एकच सबब दोनदा येते. निवृत्त मुख्याध्यापक मात्र सगळे स्वर सुटे ठेवून, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून ‘अ‍ॅक्-च्यु-अ-ली’ म्हणतात, आणि त्यांचं होईपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो.

उच्चाराइतकीच जागा महत्त्वाची. वाक्याच्या सुरुवातीला तो बसला की सबब येते, हे झालंच. मध्ये बसला तर काम होणार होतं पण झालं नाही: ‘मी त्याला अ‍ॅक्च्युअली कालच फोन करणार होतो.’ हा एक स्वतंत्र काळ आहे. आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात त्याला जागा दिलेली नाही, पण तालुक्यातला निम्मा व्यवहार याच काळात चालतो. शेवटी बसलेला ‘अ‍ॅक्च्युअली’ सगळ्यांत धोकादायक. ‘सुनेनं उकडहंडी चांगली केली होती, अ‍ॅक्च्युअली.’ वाक्यात एकही वाईट शब्द नाही. कौतुकच आहे. पण त्या शेवटच्या शब्दात मागच्या सहा वर्षांच्या सगळ्या उकडहंड्या निकालात निघाल्या, आणि सुनेला ते स्वयंपाकघरात बरोबर ऐकू गेलं.

इंग्रज लोक हा शब्द सौम्यपणे चूक दाखवायला वापरतात म्हणे. ‘आज सोमवार ना?’ ‘अ‍ॅक्च्युअली, मंगळवार.’ म्हणजे तुमचं चुकलं, पण मला ते मोठ्याने म्हणायचं नाही. आपल्याकडे हे काम ‘अहो’ करतो. ‘अहो, मंगळवार!’ त्यात सौम्यपणा नाही, पण वेळ वाचतो.

आता विशेषणाकडे वळू, कारण या प्रकरणात विशेषणावर फार अन्याय होतो आहे. ‘अ‍ॅक्च्युअल’ हा सज्जन शब्द आहे. त्याला ‘ली’ची शेपटी लागली की तो बिघडतो. पुरावा हवा असेल तर कुठल्याही कारखान्यात सकाळच्या मीटिंगला जाऊन बसा. भिंतीवर पांढरा बोर्ड असतो. त्यावर रकाने: प्लॅन, अ‍ॅक्च्युअल, रिमार्क्स. प्लॅनमध्ये साहेबांच्या मनातला आकडा असतो. अ‍ॅक्च्युअलमध्ये जितका माल निघाला तितका, किलोपर्यंत बरोबर, कारण तो गोदामात मोजता येतो. आणि रिमार्क्सच्या रकान्यात जे काही असतं ते तोंडी सांगायची वेळ आली की सुरू होतं ‘अ‍ॅक्च्युअली सर...’पासून. बॉयलर, पॅकिंग मटेरियल, क्यूसीचा रिपोर्ट, पावसात अडकलेला टँकर. विशेषण दुसऱ्या रकान्यात गुपचूप खरं बोलून मोकळं झालेलं असतं. क्रियाविशेषण तिसऱ्या रकान्यात घाम पुसत उभं असतं.

जुन्या अकाउंटंट मंडळींना आणखी एक ‘अ‍ॅक्च्युअल’ आठवत असेल. लायसन्स-परमिटच्या काळात परदेशातून कच्चा माल आणायचा तर सरकार आधी विचारायचं, तू स्वतः वापरणार की विकणार? स्वतःच्या कारखान्यात वापरणारा तो ‘अ‍ॅक्च्युअल युजर’, आणि त्याच्यासाठी वेगळा परवाना. तो हस्तांतर करता यायचा नाही. अ‍ॅक्च्युअल युजरच्या नावाने आलेला माल अ‍ॅक्च्युअली कुठे जायचा, हे त्या काळातलं उघड गुपित होतं. बघा, तिथेही विशेषण परवान्यावर आणि क्रियाविशेषण मागच्या दाराने.

रेल्वेनेही विशेषण इमानाने सांभाळलंय. मोबाईलवर गाडी कुठे आली ते बघाल तर दोन वेळा दिसतात, एक ठरलेली आणि एक ‘अ‍ॅक्च्युअल’. दोन्हींत अंतर पडलं की दुसरी लाल होते. विरारच्या पुढे ती लाल असण्याची कारणं रेल्वेला माहीत आहेत आणि प्रवाशांना पाठ आहेत. १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल डहाणूपर्यंत आली, पण रूळ दोनच राहिले. त्याच दोन रुळांवरून लोकल, मेमू, सुरतेकडच्या आणि पुढच्या मेल-एक्सप्रेस, मालगाड्या, सगळ्यांनी जायचं. मग लोकल बाजूला घेतात आणि मागून कोणीतरी मानाची गाडी धडधडत पुढे काढतात. विरार ते डहाणू रोड या चौसष्ट किलोमीटरचं चौपदरीकरण ‘एमयूटीपी ३’ या रेल्वे प्रकल्पात २०१६ साली मंजूर झालं. मंजूर झालेल्या गोष्टींचा आम्हाला चांगला सराव आहे.

सफाळ्याला गाडी अशी बाजूला उभी राहिली की डब्यात मोबाईल बाहेर निघतात आणि क्रियाविशेषणाचा बाजार भरतो. ‘अ‍ॅक्च्युअली केळवे सोडलंय.’ ‘अ‍ॅक्च्युअली पालघर आलंच.’ शेजारचा त्याच वेळी आपल्या साहेबाला ‘अ‍ॅक्च्युअली अजून विरारलाच अडकलोय’ म्हणून सांगत असतो. बायकोला वाटतं नवरा पुढे गेलाय, साहेबाला वाटतं माणूस मागे आहे. अशा वेळी डब्यातल्या भजनवाल्यांनी टाळ थांबवू नयेत, एवढीच सगळ्यांची इच्छा असते, कारण टाळ थांबले की पलीकडच्याला गाडी उभी असल्याचं कळतं.

इथवर जे लिहिलं ते ठाण्याला, पुण्याला, नागपूरलाही थोड्याफार फरकाने लागू पडेल. पण ‘अ‍ॅक्च्युअली’ची बदनामी करून मला थांबता येत नाही, कारण मी राहतो त्या पट्ट्यात हा शब्द खरा वापरावा लागतो. आमच्याकडे पाट्याच अशा आहेत की त्याच्याशिवाय पत्ता सांगता येत नाही. लग्नात एखादे पाहुणे भेटतात.

‘कुठे असता?’

‘तारापूरला.’

‘अरे वा! अणुशक्ती केंद्रात?’

‘अ‍ॅक्च्युअली, एमआयडीसीत.’

‘म्हणजे तारापूर गावात राहता?’

‘अ‍ॅक्च्युअली, बोईसरला.’

‘ठाणे जिल्हा ना तो?’

‘अ‍ॅक्च्युअली, पालघर.’

‘मग मुंबईच झाली की!’

यावर काय बोलावं कळत नाही, कारण लोकल येते हे खरं आणि मुंबई नव्हे हेही खरं. चार उत्तरं दिली, त्यांतली तीन ‘अ‍ॅक्च्युअली’ने सुरू झाली आणि एकही खोटं नव्हतं. महाराष्ट्रात हा विक्रम असावा. पाहुण्यांना मात्र वाटतं की माणूस काहीतरी लपवतोय.

यात तारापूरचा काही दोष नाही. तारापूर हे खाडीच्या काठचं जुनं गाव. खाडीच्या एका बाजूला तारापूर, दुसऱ्या बाजूला चिंचणी. म्हणून सगळे एका दमात चिंचणी-तारापूर म्हणतात. एक पालघर तालुक्यात, दुसरं डहाणू तालुक्यात. गावात पोर्तुगीजांचा किल्ला आहे. १७३९ च्या जानेवारीत, चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत, मराठ्यांनी तो घेतला आणि सरदार बाजी भिवराव रेठरेकर तिथेच पडले. म्हणजे नाव कमावण्यासारखं गावाने आधीच कमावलेलं होतं. पुढे सरकारला अणुवीज केंद्राला नाव हवं होतं, ते तारापूरचं घेतलं. केंद्र उभं राहिलं दक्षिणेला, अक्करपट्टी-पोफरणच्या समुद्राकाठी. मग औद्योगिक वसाहतीला नाव हवं होतं, तेही तारापूरचं घेतलं. वसाहत पसरली बोईसर, सरावली, पास्थळ, कोलवडे, कुंभवली, सालवड अशी. तारापूरच्या नावावर वीज आहे, औषधं आहेत, कापड आहे, रसायनं आहेत. तारापुरात शांतता आहे. वर्तमानपत्रात ‘तारापुरात कारखान्याला आग’ असं छापून आलं की परगावचे नातेवाईक तारापुरातल्या माणसाला फोन करतात, आणि तो बिचारा ओटीवर बसून सांगतो, ‘अ‍ॅक्च्युअली ते आमच्याकडे नाही.’

अणुकेंद्राचा तर सगळा इतिहासच या शब्दाने सांगावा लागतो. अभिमानाने कोणी म्हणतं, आशियातलं पहिलं. अ‍ॅक्च्युअली, जपानचं तोकाई १९६६ साली सुरू झालं होतं. आपलं देशातलं पहिलं, २८ ऑक्टोबर १९६९. तेवढंही काही कमी नाही, पण माणसाला एक खंड जास्त घेतल्याशिवाय बरं वाटत नाही. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, प्रत्येकी २१० मेगावॅटच्या. अ‍ॅक्च्युअली, पुढे त्या १६०वर आणल्या. मग आपल्या लोकांनी स्वतः ५४० मेगावॅटच्या दोन बांधल्या, तीन नंबर आणि चार नंबर. आधी कुठली सुरू झाली? शाळेत गणित शिकलेला कोणीही तीन म्हणेल. अ‍ॅक्च्युअली, चार. चार नंबरची २००५ मध्ये वीज देऊ लागली, तीन नंबरची २००६ मध्ये. आमच्या भागात नंबराप्रमाणे फक्त रेशन मिळतं.

इंधनाची गोष्ट आणखी पुढची. १९६३ च्या कराराप्रमाणे तारापूरला समृद्ध युरेनियम अमेरिका तीस वर्षं देणार होती. १९७४ साली पोखरण झालं, १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा केला, आणि ‘देणार’ या क्रियापदामागे एक मोठं ‘अ‍ॅक्च्युअली’ येऊन बसलं. १९८२ साली तोडगा निघाला: इंधन फ्रान्स देईल. इथे भाषेची एक गंमत सांगतो. फ्रेंचांकडेही हाच शब्द आहे, ‘आक्त्युएलमाँ’, पण त्याचा अर्थ ‘खरं तर’ नव्हे, ‘सध्या’. स्पॅनिशमध्येही तसंच. जर्मन माणूस ‘आक्तुएल’ म्हणतो तेव्हा त्याला ताजी बातमी सांगायची असते. सगळ्या युरोपात या शब्दाला ‘आत्ताचं’ म्हणतात, एकटे इंग्रज त्याला ‘खरं’ म्हणतात. तारापूरच्या बाबतीत फ्रेंच जास्त बरोबर होते. सध्या फ्रान्स, मग १९९५ मध्ये चीन, मग २००१ मध्ये रशिया. खरं काय ते सांगता येत नसलं तरी सध्या काय ते नेहमी सांगता आलं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. तीन आणि चार नंबरसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. माणसं दुसरीकडे वसवली. त्यांचं पुनर्वसन नीट झालं का, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वर्षानुवर्षं चालला. त्या प्रश्नाला कागद एक उत्तर देतो आणि माणूस दुसरं. सरकारी मराठीत ‘प्रत्यक्षात’ हा एक शब्द आहे, तो अशा वेळी फाईलमध्ये सापडत नाही.

पाहुणे आले की विचारतातच, ‘तुमच्या दाराशी अणुवीज, मग तुमच्याकडे लाईट कशी जाते हो?’ आणि पाहुणे पावसाळ्यात आलेले असतील तर हे अंधारातच विचारतात. मग गृहस्थ मेणबत्ती शोधता शोधता सांगतो, ‘अ‍ॅक्च्युअली वीज आधी ग्रिडमध्ये जाते. तिथून महाराष्ट्राला, गुजरातला. मग सबस्टेशन, मग फीडर, मग आपला खांब.’ सगळं शंभर टक्के खरं असतं. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर मात्र डोंगरावर धरण आणि डोंगराखालच्या पाड्यावर टँकर बघितल्यासारखा भाव येतो, आणि मोखाडा-जव्हारकडच्या पाहुण्याला तर तो भाव आणावाही लागत नाही.

मला सर्वांत कौतुक वाटतं ते जुन्या रेल्वेवाल्यांचं. त्यांनी ही सगळी पंचाईत दीडशे वर्षांपूर्वी ओळखली आणि एका शब्दात सोडवली. रूळ गावाला टाळून आतून गेले, स्टेशनं गावापासून लांब पडली. मग नाव काय द्यायचं? डहाणू म्हणावं तर डहाणू तिकडे समुद्राकडे. खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून ‘डहाणू रोड’ लिहिलं. म्हणजे हे अ‍ॅक्च्युअली डहाणू नाही, इथून डहाणूला रस्ता जातो, पुढचं तुमचं तुम्ही बघा. केळवे रोडवर उतरून समुद्र कुठाय म्हणून विचारणाऱ्या सहकुटुंब पर्यटकाने पाटी नीट वाचलेली नसते. वसई रोड, बोर्डी रोड, उंबरगाव रोड, सगळीकडे हाच प्रामाणिकपणा. ‘रोड’ हे रेल्वेचं ‘अ‍ॅक्च्युअली’ आहे, आणि मूळ शब्दापेक्षा ते सरस आहे, कारण त्यात सबब नाही, फक्त पायपीट आहे. आपण लोक मात्र बोलताना तो ‘रोड’ हमखास गाळतो. ‘डहाणूला उतरलो’ म्हणतो. खरं बोलायचं काम पाटीवर सोडून देतो.

बोईसरच्या नावापुढे रोड नाही, कारण बोईसर खरंच स्टेशनाशी आहे. पण बोईसर काय आहे, हे कोणी विचारू नये. चार-पाच मजली इमारती, मॉल, रांगा लावून उभ्या रिक्षा, संध्याकाळी चित्रालयाच्या बाजूला पाय ठेवायला जागा नाही. शहर म्हणावं, तर कारभार ग्रामपंचायतीचा. गाव म्हणावं, तर २०११ च्या जनगणनेनं त्याला ‘सेन्सस टाऊन’ म्हटलेलं. म्हणजे जनगणनेच्या हिशेबाने शहर आणि अ‍ॅक्च्युअली गाव, की अ‍ॅक्च्युअली शहर आणि कागदावर गाव? हा प्रश्न ग्रामसभेत विचारून बघावा. निदान सभा तरी रंगेल.

नव्या मंडळींना जुन्या रेल्वेवाल्यांची ही शिस्त राहिली नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, राज्यातला छत्तिसावा. जिल्ह्याचं मुख्यालय पालघर. नवी देखणी इमारत २०२१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली ती, अ‍ॅक्च्युअली, कोळगावला, बोईसर रस्त्यावर. पहिल्यांदा दाखला काढायला आलेला माणूस पालघर स्टेशनबाहेर उभा राहून ‘कलेक्टर ऑफिस कुठे?’ विचारतो, आणि रिक्षावाला त्याच्याकडे प्रेमाने बघतो. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. वाढवण डहाणू तालुक्यात. पायाभरणी पालघरच्या सिडको मैदानावर. समुद्रात भराव घालून होणाऱ्या बंदराचा पाया कोरड्या मैदानावर घातला गेला, हे स्थापत्यशास्त्रात बसतं की नाही ते मला सांगता येत नाही. मच्छीमारांचा विरोध असताना किनाऱ्यावर मांडव घालायचा कसा, हा विचार त्यामागे असेल तर तो मात्र समजण्यासारखा आहे.

बुलेट ट्रेनचंही तेच. मुंबई-अहमदाबाद मार्गावर बोईसरला थांबा आहे, म्हणून आमच्याकडे जमिनीच्या जाहिरातींत ‘बुलेट ट्रेन स्टेशनपासून पाच मिनिटं’ लिहितात. स्टेशन बोईसरच्या सध्याच्या स्टेशनात नाही, पूर्वेला, वेगळ्याच ठिकाणी आहे. त्याचं नाव ‘बोईसर रोड’ ठेवलं असतं तर दलालांचीही अडचण झाली नसती. आणि पाच मिनिटं कशाने, हे जाहिरातीत कधीच नसतं. बुलेट ट्रेननेच असावीत.

दलालांवरून आठवलं. जमिनीच्या व्यवहारात हा शब्द जितका महाग पडतो तितका कुठेच नाही. ‘प्लॉट अ‍ॅक्च्युअली एनए होणारच आहे’ या वाक्यातला ‘होणारच’ हा शब्द माणूस ऐकत नाही, ‘एनए’ तेवढं ऐकतो. ‘रस्ता अ‍ॅक्च्युअली नकाशात आहे.’ नकाशात तर समुद्रही आहे. अशा वेळी सातबारा मागावा. त्यात क्रियाविशेषणं नसतात.

इतकं सगळं झाल्यावर माझा निकाल असा: ‘अ‍ॅक्च्युअली’वर बंदी घालू नये, पण तो वापरायचा परवाना असावा, जुन्या अ‍ॅक्च्युअल युजरसारखा, हस्तांतर न करता येणारा. ज्याच्या गावाच्या पाटीवर एक आणि जमिनीवर दुसरं आहे, त्याला तो मिळावा. तारापूर, बोईसर, पालघरच्या रहिवाशांना तर जन्मदाखल्याबरोबरच द्यावा. बाकीच्यांनी ‘त्याचं काय झालं’ म्हणावं. ते मराठी आहे, स्वस्त आहे आणि ऐकणारा पहिल्या शब्दालाच सावध होतो.

तारापूरला यायचं असेल तर तिकीट बोईसरचं काढा. तारापूर नावाचं स्टेशन या मार्गावर नाही. पश्चिमेला बाहेर पडा आणि चिंचणी-तारापूरकडे जाणारी एसटी किंवा शेअर रिक्षा धरा. त्याआधी, गाडीत उमरोळी गेलं की उठून दाराशी या. बोईसर कुठल्या बाजूला येतं हे मात्र सहप्रवाशांना विचारू नका. दोघे ‘अ‍ॅक्च्युअली’ म्हणून दोन बाजू दाखवतील, आणि तुम्ही वाणगावला उतराल.